इतिवृत्त

सभा सात वाजून चार मिनिटांनी सुरू.
उपस्थिती एकशे बारा, खुर्च्या नव्वद;
बाकीचे भिंतीला टेकून, बर्फाने ओले कोट हातावर.
प्रत्येकाला दोन मिनिटं.
घंटी माझ्यासमोर, पेनही माझंच,
आणि कागदावर रकाने दोनच :
बाजूने. विरोधात.

वेंडेल क्रोवेल, बर्फ हटवायचा ट्रक चालवतो. विरोधात.
म्हणाला, "बत्तीस कोटी डॉलर तुमच्या गाडीला,
आणि माझ्या दारापुढचा खड्डा
तीन महापौर वाकून बघून गेले."
लोक हसले.
हशा इतिवृत्तात घेत नाहीत.

ओसारो उवाइफो, रात्रपाळीची नर्स. बाजूने.
पहाटेची बस चुकली की पुढची तासाभराने.
तेवढा वेळ ती इस्पितळाच्या लाँड्रीत
चालू ड्रायरला पाठ लावून बसते.
कधी डोळा लागतो, मग तीही बस जाते.
मी लिहिलं : बससेवा अपुरी असल्याचे नमूद केले.

सल्लागार टोरांटोहून आलेला, बूट अजून कोरडे.
पडद्यावर त्याने जांभळी रेघ ओढली,
खाडीच्या कडेकडेने, बंद पडलेल्या कागद गिरणीपर्यंत.
मागच्या अहवालात हीच रेघ हिरवी होती,
त्याच्या आधी लाल.
तिन्ही रंगांना घंटी मीच वाजवलीय.
लाल रेघेच्या वेळी माझे केस काळे होते.

"आपण काही टोरांटो नाही!" कुणीतरी ओरडलं.
"म्हणून तर!" मागून दुसरं.
हे दोन्ही मी एकाच रकान्यात लिहून बसले,
मग खोडलं.

मार्गरित थिबोदो, वय एक्क्याऐंशी. विरोधात.
तिच्या वाफ्यांना लागूनच रूळ.
"मालगाडी दिवसातून दोनदा जाते, तिची मला सवय आहे.
चाळीसदा जाणाऱ्या गाडीची सवय व्हायला
माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत."
एवढं बोलून बसली. चाळीस सेकंद उरली होती.
सव्वीस वर्षांत वेळ परत केलेली
ही पहिलीच बाई.

मग घरांचा दलाल ग्रॅहम पॉटी उभा राहिला
आणि जमिनीच्या किमती कशा चढतील हे सांगता सांगता
तोंड उघडंच ठेवून थांबला.
आठ एक्केचाळीस.
टेबलावरच्या ग्लासांतलं पाणी आधी थरथरलं,
मग खिडक्या,
मग आवाज आला.

नियम असा, की मालगाडी जाईतो घड्याळ बंद.
मी बंद केलं.
पुढच्या रांगेतलं एक पोरगं, लाल टोपीतलं,
डबे मोजायला लागलं, मोठ्याने.
वीस. एकवीस. आईने दटावलं, मग तीही गप्प.
मी बघत होते :
वेंडेलचे ओठ हलत होते.
मार्गरितचं बोट पर्सवर, डब्यागणिक एकदा.
नर्सने मान मागे टाकून डोळे मिटलेले.
सल्लागार तेवढा फोनमध्ये.
तीन मिनिटं एकशे अकरा माणसं
एकाच बाजूला कान लावून होती,
आणि त्या बाजूचा रकाना माझ्याकडे नव्हता.
लिहिलं : व्यत्यय, तीन मिनिटे.

ठराव : नव्याने व्यवहार्यता अभ्यास करावा.
सात विरुद्ध पाच.
घोंगडं पुन्हा भिजत.
आता पुढची रेघ कुठल्या रंगाची, कोण जाणे;
पिवळा अजून कुणी घेतलेला नाही.

खुर्च्या रचून, दिवे मालवून मी बाहेर आले,
तर गाड्या पुलाच्या तोंडाशी अडकलेल्या,
एका गाडीत एक माणूस, धुरांडी वाफाळत.
पार्किंगमध्ये वेंडेल आणि ते टोपीतलं पोरगं
अजून भांडत होते.
हा म्हणतो शहाण्णव, ते म्हणतं अठ्ठ्याण्णव.
इंजिनं धरायची की नाही,
इथवर वाद आलेला.
पोराची आई गाडीत हीटर लावून बसलेली.
वेंडेलने मला हाक मारली :
"आर्डिथ, तू सांग. तू तर सगळं लिहून घेतेस."